हुरड्याच्या दिवसांवर तीन रंग

माझी तिन्ही पोरं मेडशीला येतात, पण पाळीने. मोठा मुलगा पुण्याहून येऊन गेला की मुलगी नाशिकहून येते, ती गेली की धाकटा हैदराबादहून. आई फार दिवस एकटी राहू नये म्हणून ही व्यवस्था. शेजारणी कौतुक करतात. मी मान डोलावते, आणि तिघं एका पंगतीत शेवटची कधी बसली होती ते आठवत राहते.

गेल्या दिवाळीत घोळ झाला आणि दोघं एकाच दिवशी येऊन धडकली. माझी चंगळ झाली. मोठा मात्र वैतागला. तो कॉम्प्युटरवाला. सगळ्यांना दिसेल असं एकच कॅलेंडर हवं, तेही कुठल्या कंपनीच्या हाती नको, असं ठरवून त्याने एक जुना कॉम्प्युटर माझ्या टीव्हीखाली आणून ठेवला.

"आई, यातल्या कॅलेंडरचा कोड कोनीबी उघडून पाहू शकते. फुकट आहे. अन् आपलं येनं-जानं आपल्याच घरात राह्यते."

"येनं-जानं राह्यते रे, पन तुमी कुठी राह्यता?"

निवडीला दोन कॅलेंडरं होती. बाकी दोघं मोबाइलवर व्हिडिओत बसली होती. पहिल्यात एकाने दिवस धरला की दुसऱ्याला तो मिळतच नसे. दुसऱ्यात ज्याचा त्याचा रंग, एका दिवसावर कितीही चढवा. मोठ्याची पसंती अर्थातच पहिल्याला.

बांधाकडेला मी दरवर्षी थोडी ज्वारी हुरड्यासाठी राखते. दाण्यात दूध असतं ते मोजके दिवस. पुढे तो कडक होतो, कुणाच्या पाळीसाठी थांबत नाही. पहिलं कॅलेंडर आलं असतं तर हुरडा भाजायच्या आगटीभोवती यापुढे एकाच पोराची बैठक.

"मले दुसरं पाह्यजे."

"काहून?"

"अक्षरं मोठी आहेत त्याची."

मुलगी फिसकन हसली. "दादा, आई खोटं बोलून राह्यली. दोन्हीची अक्षरं सारखीच आहेत."

"तू चूप बस व माय!"

"घेऊ दे ना तिले," धाकटा म्हणाला, आणि दुसरं ठरलं.

पाळ्यांची ही अक्कल पोरांना माझ्याकडूनच आली. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिघांच्या कल्ल्याने माझं डोकं उठायचं. मग एकाला आसेगावला मामाकडे, एकाला धनजला आत्याकडे, घरात एकच, आठवड्याने अदलाबदल. रिकाम्या ओसरीवर पाय पसरून तेव्हाची मी, ती शहाणी बाई, म्हणायची, आहा, काय शांतता! भेटली तर म्हणेन तिला, ने बाई थोडी, माझ्याकडे पुष्कळ साठलीय.

मोठा पुण्याला परतला आणि मी हुरड्याच्या दिवसांवर तिघांचेही रंग चढवले. लगेच फोन.

"आई, तिघंबी एकावर एक पडून राह्यलो. तुनं बोट लावलं काय?"

"लावलं. एकट्यानं हुरडा गोड लागते काय?"

"अन् मंग पुढचा सारा महिना तू एकटी राह्यशीन, त्याचं काय?"

"राहीन न बापा. तसं राह्याले येते मले आता."

मोठा म्हणाला, "माहा रंग राहू दे."

मुलीने आपला रंग पुसला, संध्याकाळी परत लावला. धाकटा म्हणतो, पाहतो. ज्वारी निसवलीय, कणसं बाहेर पडलीत. मी रोज शेतात जाते, कणसातला दाणा नखाने दाबून पाहते. अजून दूध भरलेलं नाही. दमानं घे, म्हणते त्या दाण्याला.