बोळापलीकडची घंटा

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात बेळगावहून ट्रंक कॉल आलाय, असं सांगायला दुकानदार दारात आला तेव्हा मी भाकरी थापत होते. तशाच पिठाच्या हातानं गेले. फोनवर लीलाआक्कांचा मुलगा मोहन होता. "काकू, आई गेली... शांतपणे गेली. आम्ही सगळे घरातच होतो." त्या शेवटच्या वाक्यानं तेव्हा मला बरं वाटलं होतं. आज, महिना उलटल्यावर, तेच वाक्य सलतं.

निपाणीत आमच्या शेजारच्याच घरात लीलाआक्का राहायच्या; गल्लीत त्यांना सगळे सिस्टरआक्का म्हणत. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभा जन्म गेला. नवरा लवकर वारला. मोहनला शिकवून इंजिनियर केलं, त्यानं बेळगावात हिंडलग्याच्या वाटेवर घर बांधलं. नोकरीतून सुटल्यावर आक्कांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवं अंग लुळं पडलं. मोहन न्यायला आला तर म्हणाल्या, "डावं हाय की रं अजून!" आणि खरंच, त्या डाव्या हातानं कुकर लावायच्या. वेणी घालता येईना म्हणून सरळ केस कापून टाकले. बायका कुजबुजल्या, पण आक्कांनी कुणाला जुमानलं नाही.

धास्ती एकच होती. पडल्या तर कळणार कसं? तोडही त्यांनीच काढली. "वॉर्डात पेशंटच्या उशाला बटण असतंय बघ. तसं माझ्या उशाला लावा, घंटा तुझ्या स्वयंपाकघरात." आमच्या ह्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून ह्यांनी सगळं सेलवर चालवलं. दोन्ही घरांमधल्या बोळावरून वायर टाकली. एक बटण आक्कांच्या उशाला, दुसरं न्हाणीत जमिनीलगत, पडल्या तरी हाताला लागेल असं. माझ्याकडेही एक बटण, त्याची घंटा त्यांच्याकडे. सकाळी एकदा वाजली की आक्का उठल्या; मी उलटी एकदा वाजवायची. लांब वाजली तर पळत जायचं. त्यांच्या दाराची एक किल्ली कायम माझ्या कमरेला. सकाळची घंटा आली नाही की मी वाजवत सुटायची, मग खिडकीतून त्यांचा आवाज यायचा, "न्हाय गं मेले अजून! चा पितोय न्हवं!"

काही वर्षं असं चांगलं चाललं. मग एकदा न्हाणीत त्यांचा पाय घसरला. घंटा लांब वाजली, मी धावले. कपाळाला खोक पडली होती. डॉक्टरांनी टाके घातले आणि दुपारी आक्का बसून पेज पीत होत्या. घंटेनं आपलं काम चोख केलं होतं. पण मोहननं त्यातून उलटाच अर्थ काढला. "बघितलंस आई, एकटं राहून काय होतंय ते? लोक मला विचारतात, मुलगा असून आई शेजाऱ्यांच्या घंटेवर कशी काय जगतीय?" आक्का खूप भांडल्या. शेवटी त्यानं नातीची शपथ घातली आणि त्या गाडीत बसल्या... माझ्याकडे न बघता.

पुढं आम्ही दोघं घंटा, बटण, वायर पिशवीत घालून बेळगावला गेलो. मागच्या खोलीतून हॉलपर्यंत वायर ओढायची, एवढंच काम होतं. चहा देताना सूनबाई हसली. "घरात माणसं असताना घंटा कशाला हो? हॉस्पिटल हाय का हे?" आक्का पलंगावरून म्हणाल्या, "लावू दे की रं मोहन. घर मोठं हाय, माझा आवाज बारका झालाय."

"आई, आम्ही आहोत ना!" मोहननं विषय मिटवला. पिशवी होती तशी परत आली.

आणि तो फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा बायका आक्कांना शेवटची अंघोळ घालत होत्या. डावा हात मी धुवायला घेतला. मुठीवरची कातडी सोलून काळीनिळी झाली होती. कॉलेजात जाणारी नात माझ्या कानाशी हुंदके देत म्हणाली, "रविवार होता. टीव्हीवर मालिका लागलेली, गल्ली सगळी हॉलमध्ये... जेवायला बोलवायला मी गेले, तर आजी पलंगाखाली पडलेली." पलंग लोखंडी होता. त्याच्या पायावर ती मूठ किती वेळ आपटत राहिली असेल, ते कुणालाच ठाऊक नाही.

भेटायला आलेल्यांना मोहन सांगत होता, "शेवटी एक दिवस एकटं ठेवलं न्हाय तिला." मी त्याला बाजूला घेतलं. "मोहन, आईचा हात बघितलास?"

"बघितला काकू. आता ते काढू नका." आणि हॉलमध्ये जाऊन पुढच्या माणसाला त्यानं तेच वाक्य सांगितलं.

गेल्या आठवड्यात त्यानं निपाणीचं घर भाड्यानं द्यायला काढलं. रंगाऱ्याला घेऊन तो आला; किल्ली माझ्याकडेच, तेव्हा दार मीच उघडलं. खोलीतून स्वयंपाकघरात, तिथून न्हाणीकडे, दोन्ही भिंतींवर कमरेच्या उंचीला एक गुळगुळीत, मळकट पट्टा गेलाय. जाताना या भिंतीवर, येताना त्या भिंतीवर, डावा तळवा टेकत आक्का चालायच्या. मी तिथं माझा हात ठेवून बघितला. थोडं वाकावं लागलं.

"तेलकट डाग हाय साहेब," रंगारी मोहनला म्हणाला. "वरनं चुना धरायचा न्हाय."

"मग खरवडा की," मोहन म्हणाला.

मी घरी आले. पत्र्यानं भिंत खरवडल्याचा आवाज दुपारभर माझ्या स्वयंपाकघरात येत होता.