कुंकवाच्या चार रेघा

माझ्या मुलाने माळ्यावर ती खुर्ची बसवली त्या दिवसापासून मला भीती वाटायला लागली. उगाच वाटत नव्हती. मी सव्वीस वर्षं पिठाची गिरणी चालवली आहे. लोखंड सारखं थरथरत राहिलं की काय होतं ते मला माहीत आहे.

जोगेश्वरीला आमची खाली एक खोली आणि वर माळा. माळ्याची एक बाजू भिंतीत घुसवलेली, दुसरी बाजू एका लोखंडी गर्डरवर. तो गर्डर माझ्या खाटेच्या उशाशी असलेल्या खांबाला चार नटबोल्टांनी जोडलेला. वेल्डिंग करून घ्यायला हवं होतं. पण माळा बांधला तेव्हा नवरा म्हणाला, नट असू देत, उद्या खोली बदलली तर खोलून नेता येईल. खोली काही बदलली नाही. नवरा गेला, नट राहिले.

आता घरात आम्ही तिघं. मुलगा चाळीस पार केलेला, कुरिअरच्या ऑफिसात दिवसभर खुर्चीत बसतो आणि घरी येऊन पुन्हा खुर्चीत बसतो. सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये काउंटरवर असते. त्यांना मूल नाही. त्याबद्दल मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

ती खुर्ची म्हणजे भंगारातल्या गाडीची सीट. तिच्या पुढे स्टिअरिंग, खाली पेडल. तो त्यात बसतो, डोळ्यांवर गेमचा डबा बांधतो, कानांवर हेडफोन चढवतो, आणि मग आमच्यासाठी तो मेलेला. हाक मारा, भांडं आपटा, काही उपयोग नाही. डब्याच्या आत त्याला रस्ता दिसतो, गाड्या दिसतात, मान वळवली की बाजूची काचही दिसते म्हणे. इथपर्यंत मी काही बोलले नाही. दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही, बसू दे.

मग एका रविवारी त्याने खोक्यातून दोन जड काळ्या चकत्या काढल्या आणि माझ्या हातात दिल्या.

"हे शेकर. स्पीकरसारखंच असतं, पण आवाज करत नाही, धक्का देतं. सीटच्या खाली बसवायचे. गाडी खड्ड्यात गेली की खालून दणका बसतो, इंजिन चालू झालं की पाठीला कळतं."

"रोज रिक्षाने स्टेशनला जातोस, तिथले खड्डे पुरत नाहीत? आता घरी आणलेस?"

सून म्हणाली, "आई, रिक्षावाल्याच्या खड्ड्यांवर यांचा कंट्रोल नसतो ना."

"घरात तरी कुठे आहे?" मी म्हटलं. तिघंही हसलो. तेवढंच हसले मी.

मी खाटेखालचं गिरणीचं सामान काढून त्याला टायरच्या रबराचे चार तुकडे दिले. गिरणीत मोटारीखाली तेच घालायचो, म्हणजे थरथर जमिनीत जिरते. त्याने दोन दिवस ते सीटच्या पायांखाली ठेवले आणि काढून टाकले.

"रबर सगळी मजा खातं गं. फील येत नाही."

मग त्याने सीटचे पाय माळ्याच्या प्लायवूडमधून आरपार बोल्ट मारून थेट गर्डरला आवळले. त्याला हवी होती तीच थरथर. मी सव्वीस वर्षं जिच्याशी भांडले ती त्याने हौसेने घरात आणली.

पहिल्या संध्याकाळी मी खाटेवर पडले होते. वर त्याने गाडी चालू केली आणि खांबातून, खाटेतून थरथर माझ्या पाठीच्या कण्यात आली. मी उठून बसले आणि पाय जमिनीला लावले, तर तळव्यांनाही तेच. गिरणीत मी अनवाणी उभी राहायचे. दगड घासायला लागला, पट्टा सरकला, की कानांच्या आधी तळव्यांना कळायचं. तळव्यांनी सांगितलं आणि मी ऐकलं नाही, असं एकदाच झालं. गणपतीच्या आधीचा आठवडा होता, मोदकाच्या पिठाला रांग लागली होती. रोज सकाळी मोटारीचे नट आवळायचे हे काम माझं. ते दोन दिवस मी केलं नाही. पायाखाली काहीतरी वेगळं वाजत होतं, पण रांग समोर उभी. मोटार एका बाजूने उचकटली, पट्टा निसटला आणि नवऱ्याच्या हातावर बसला. हाड तीन ठिकाणी मोडलं. तो हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. त्याने मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी गिरणीत एक पद्धत ठेवली. मेकॅनिक लोक नट आवळून झाला की नटावरून लोखंडावर रंगाची एक सरळ रेघ ओढतात. नट जरा फिरला की रेघ मोडलेली दिसते. माझ्याकडे रंग नव्हता, दसऱ्याला मशीनला लावायचं कुंकू होतं. मी ते तेलात कालवलं आणि काडीने रेघा ओढल्या. तेलातलं कुंकू धरून बसतं, पिठाने झाकलं तरी फुंकर मारली की दिसतं. गिरणी विकली तेव्हा पाना विकला नाही आणि कुंकवाची डबीही टाकली नाही. नवरा गेल्यापासून मला कुंकवाचा दुसरा काही उपयोगही नव्हता.

तर मी स्टुलावर चढले आणि गर्डरच्या चार नटांवर चार रेघा ओढल्या. मुलगा वरून शिडीने उतरत होता.

"आता नटांची पूजा? माझी दृष्ट काढतेस की गर्डरची?"

"तुझ्या अकलेची," मी म्हटलं. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाला असता, आई, हा गर्डर हत्ती तोलेल. आधी दोनदा तेच म्हणाला होता.

चौथ्या दिवशी पहिली रेघ मोडली. तांदळाच्या दाण्याएवढी सरकली होती, पण सरकली होती. मी पान्याने नट आवळला आणि नवी रेघ ओढली. पुढच्या आठवड्यात दुसरी आणि चौथी. दुपारी दोघं कामावर असताना मी हे करायचे. माझे हात आता पूर्वीचे नाहीत, एक नट आवळून झाला की स्टुलावर बसून दम घ्यावा लागायचा. रात्री मी डोकं खांबाकडून काढून पायथ्याकडे केलं. झोप येईना.

श्रावण लागला. त्याच सुमाराला त्याने आणखी दोन शेकर आणले. एकूण चार झाले. त्याच्या गाडीचा ब्रेक लागला की आता मांडणीतल्या ताटल्या वाजायच्या. मी रोज दुपारी रेघा बघायचे आणि त्या सरळ असायच्या. एक दिवस, चार दिवस, दहा दिवस. चारही रेघा सुतात. धक्का दुप्पट झाला आणि नट फिरायचे थांबले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण माणूस थकला की त्याला हवं ते खरं वाटतं. मी म्हटलं, बसले असतील नट. डोकं पुन्हा खांबाकडे केलं. दुपारची झोपही लागायला लागली.

श्रावणातला तिसरा रविवार. दुपारचे दोन वाजले असतील. तो वर गाडी चालवत होता. सून ओट्याशी, माळ्याच्या बरोबर खाली बसून बिरड्यासाठी वाल सोलत होती. मी पडले होते. डोळा लागतोय तोवर गालावर काहीतरी पडलं. हाताने पुसलं तर बोटं लाल. उशीच्या अभ्र्यावरही लाल कण.

आधी मला रक्त वाटलं. मग वास आला, कुंकवाचा. पण ते कोरडं होतं. माझं कुंकू तेलातलं. ते असं कधी गळत नाही.

मी स्टुलावर चढले. रेघा सरळच होत्या, पण जाड होत्या, बोटाने ओढलेल्या. माझ्या काडीच्या बारीक होत्या. माझ्या डोळ्यांना नटाचे आटे दिसत नाहीत, म्हणून मी तिसऱ्या नटाला हात लावला. तो दोन बोटांनी फिरला. चौथ्याला लावला. तो बोल्टाच्या अगदी टोकाला लटकत होता, आणि माझ्या डोळ्यांसमोर, वरच्या धक्क्यासरशी, थोडा थोडा फिरत होता.

वर तो, सीट आणि सगळं लोखंड. खाली ती मांडी घालून बसलेली. हाक मारली तर त्याला ऐकू येणार नव्हती. शिडीने वर गेले तर माळ्यावर माझंही वजन पडणार.

"अगं, ऊठ. दाराबाहेर हो."

"काय झालं आई? लाल काय लागलंय तुम्हाला?"

"ऊठ म्हणते ना!"

ती परात तशीच टाकून उठली. मी स्टुलावरून कशी उतरले आठवत नाही. दाराशी जाऊन मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला, आणि माझ्या तळव्यांखालची थरथर थांबली. तेवढी शांतता मी गिरणी बंद पडल्यावरसुद्धा ऐकली नव्हती.

"आयला, लाईट गेली?" वरून तो म्हणाला. प्लायवूड करकरलं. तो उठत होता.

"बस खाली!" मी ओरडले. "मी घालवलीय लाईट. जागचा हलू नकोस."

"काय नाटक आहे आई? रेसमध्ये दुसरा होतो मी."

"गर्डरचे नट सुटलेत. हललास तर बायकोच्या वालांत येऊन पडशील."

तो बारीक आवाजात म्हणाला, "किती सुटलेत?"

"बस म्हटलं ना. पाय पण हलवू नकोस."

मी उशाखालचा पाना काढला आणि पुन्हा स्टुलावर चढले. चौथा नट आधी बोटांनीच वर चढवला. गर्डर निसटला तर पहिली मीच त्याच्याखाली, हे मला तेव्हा सुचलंही नाही. पाना लावला, एक वेढा ओढला, दुसरा ओढवेना. हातात जोरच नाही. आणि मागून कोणीतरी पाना धरला. मी तिला बाहेर हो म्हटलं होतं. ती गेली नव्हती.

"कुठल्या बाजूला फिरवू?" सून म्हणाली.

"तुला बाहेर जायला सांगितलं होतं."

"बाजू सांगा."

मी उतरले, स्टूल धरून उभी राहिले आणि बाजू सांगितली. चौथा झाला, तिसरा झाला. दुसऱ्यावर पाना लावताना ती थांबली. तिच्या बोटांना कुंकू लागलं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"आई, हे कशासाठी लावत होतात तुम्ही?"

मी सांगितलं. रेघ सरळ तर नट जागेवर, रेघ मोडली तर नट फिरला.

तिचा चेहरा उतरला. "मी रोज पुसत होते," ती म्हणाली. "श्रावण लागल्यापासून. सकाळी देवाला लावलं की ओल्या फडक्याने पुसून तुमच्या रेघांवर पण ताजं लावायची. तुम्ही आंघोळीला असायचात तेव्हा. मला वाटलं, जिवतीचा महिना आहे, आम्हाला मूल व्हावं म्हणून काहीतरी धरलंय तुम्ही. मोडलेली रेघ बरी दिसत नाही म्हणून सरळ करून लावायची."

म्हणजे रोज रात्री रेघ मोडत होती, रोज सकाळी ती भक्तीने सरळ करत होती, आणि रोज दुपारी मी ती बघून निर्धास्त झोपत होते.

"विचारायचंस ना."

"तुमचं पूजेचं काही असेल, कसं विचारायचं? तुम्हाला विचारलं की तुम्ही फाडकन बोलता."

हे खरं होतं. "आवळ," म्हटलं.

वरून आवाज आला, "मी अजून इथेच आहे हां. मुतायला लागलीय."

"दाबून धर," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

चार नट झाले. मी प्रत्येकाला हात लावून बघितलं, मग त्याला शिडीवरून हळू उतरायला लावलं. खाली येऊन त्याने गर्डरकडे बघितलं, लाल झालेल्या आमच्या हातांकडे बघितलं, आणि धावत बाहेर गेला. परत आल्यावर हत्तीचं काही बोलला नाही.

पुढच्या रविवारी त्याने सीट खाली आणली. माझी खाट भिंतीला सरकवली आणि तिच्या शेजारी ती ठेवली. खाली चारही रबरं घातली. मजा कमी झाली, तो म्हणतो. त्याच्या मित्रांना फोनवर सांगतो की आईने इंजिनात पाणी घातलं. सांगू दे. गर्डरला मी वेल्डिंग करून घेतलं. वेल्डर म्हणाला, आता काळजी सोडा. काळजी त्याच्या सांगण्याने सुटत नाही. तो गाडी चालवायला बसला की मी अजून तळवे जमिनीला टेकवते. पेपर वाचत असले तरी टेकवते.

सीटच्या नटांवर आता रेघा सुनेने ओढल्या आहेत, नेलपेंटने. ती घट्ट बसते, ओल्या फडक्याने जात नाही. कामाला जायच्या आधी ती वाकून बघते.

"नुसतं बघितलंस की हात लावलास?" मी विचारते.

"हात लावला हो, आई."

ती गेली की मी परत एकदा लावते.