पंधरा इंची उशा

आमचे हे शाळेतून निवृत्त झाले आणि माझ्या स्वयंपाकघराला हेडमास्तर मिळाला. चौतीस वर्षं पोरांना गणित शिकवलेला माणूस घरी बसला की करणार काय? रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसे हे माझ्या फडताळाला लागले. आधी सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मग डबे वर्णानुक्रमे लावले. त्यामुळे चहा एका टोकाला गेला आणि साखर दुसऱ्या टोकाला. फोडणीत मोहरी आधी का आणि हिंग नंतर का, याचं कारण विचारायला लागले. तीस वर्षं मी फोडणी देत होते, कुणी कारण विचारलं नव्हतं, आणि मला ते ठाऊकही नव्हतं. कुकरच्या शिट्ट्या हे मोजायचे, आणि मी मध्येच शेजारणीशी बोलले तर म्हणायचे, "तुझ्यामुळे माझी एक शिट्टी चुकली."

मला माझं स्वयंपाकघर परत हवं होतं.

खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. मला त्यांची काळजीही वाटत होती. बाजारात जायचं त्यांनी बंद केलं होतं. रत्नागिरीत दर दहा पावलांवर एक जुना विद्यार्थी भेटतो, आणि तो वाकून नमस्कार करून हमखास विचारतो, "सर, आता काय करता?" या प्रश्नाला यांच्याकडे उत्तर नव्हतं. एकदा मासळी आणायला गेले आणि अर्ध्या वाटेवरून रिकामी पिशवी घेऊन परत आले. म्हणाले, बाजार चांगला नव्हता. शेजारीण मात्र त्याच वेळी ताजे फडफडीत बांगडे घेऊन आली होती.

तर यांना स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत हलवायचं मी ठरवलं. अडचण सोफ्याची होती. आमचा सोफा शिवण झाडाच्या लाकडाचा, माझ्या सासऱ्यांनी करून घेतलेला, आणि इतका कडक की पाहुणेसुद्धा चहा संपेपर्यंतच बसतात. ते मला आजवर सोयीचंच वाटत आलं होतं. आता मात्र त्याला उशा लागणार होत्या.

फोनवरच्या व्हिडिओत एक परदेशी बाई चौकडीच्या उशा शिवायला शिकवते. तिच्या मागे शेकोटी पेटलेली, बाहेर बर्फ, आणि ती सांगते की या उशांनी घराला ऊब येते. रत्नागिरीत उबेची कमतरता कुणालाच नाही. आम्ही दुपारी पंख्याखाली बसूनही मानेवरचा घाम पुसतो. पण चौकड्या मला आवडल्या. ती बाई जुन्या बाजारातून कापड आणते आणि स्वस्तात उशा करते, हे तर फारच आवडलं. उशांच्या पोटाची चिंता नव्हती. जुनी गादी उसवून तिच्यातली सावर मी आधीच उन्हात घातली होती. तिच्या आठ उशा भरल्या, प्रत्येक पंधरा इंची, अगदी गच्च. आठवडाभर आमच्या नाकात सावरीचा कापूस होता.

कापडासाठी मी बाजारात, राम आळीत गेले. मी दुकानात शिरले की मांडलेले गठ्ठे बघत नाही, कोपऱ्यातली उरल्यासुरल्याची टोपली बघते. त्या दिवशी तिच्या तळाशी मला एक तुकडा मिळाला. गडद हिरवं, त्यात मरून चौकडी, आणि मधून केसासारखी पिवळी रेघ. अगदी त्या शेकोटीवाल्या बाईचं कापड. दुकानदार म्हणाला, "वैनी, सगळा घेऊन जा ओ. पडेल त्या भावात देतो. माझी जागा अडवून बसलाय तो." मला वाटलं, परदेशी माल आहे आणि या बापड्याला किंमत कळत नाही. लाज वाटून मी घासाघीससुद्धा हात राखून केली.

घरी येऊन कापड सोफ्यावर पसरलं. हे स्वयंपाकघरातून हातात चिठ्ठ्या घेऊन आले, आणि दारातच थांबले.

"हे आमचं कापड," ते म्हणाले.

मला आधी कळेचना. मग कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. शाळेचा गणवेश! त्या वर्षी शाळेने गणवेश बदलला, साधा निळा केला, आणि दुकानदाराकडे जुन्याचे तुकडे पडून राहिले. इतकी वर्षं आमच्या दारावरून रोज दोन वेळा जाणाऱ्या चौकड्या मला ओळखू आल्या नव्हत्या. कारण मी त्या कधी कोऱ्या पाहिल्याच नव्हत्या. थोरल्याचा धाकट्याला आलेला, धुऊन विटलेला, कोपरावर ठिगळ असलेला शर्ट मी पाहिला होता. आणि मी मेली त्याला परदेशी समजून घरी घेऊन आले.

मला वाटलं आता हे हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी कापडाचा एक कोपरा उचलला, बोटांत धरून पाहिला, आणि म्हणाले, "याची एक चिंधीसुद्धा फुकट जाता कामा नये. कापायचं मी बघतो."

माझी कात्री मी कुणाला देत नाही. सख्ख्या बहिणीला दिलेली नाही. पण त्या दिवशी दिली, कारण ती बाहेरच्या खोलीत वापरली जाणार होती.

पुढचे आठ दिवस सोन्याचे गेले. हे जमिनीवर बसून कागदावर आकृत्या काढत होते. कंपासपेटी माळ्यावरून खाली आली. रेघ रेघेला कशी भिडेल, कुठला चौकोन कुठून सुरू केला तर पिवळी रेघ बरोबर मधोमध येईल, याची त्यांनी वहीच घातली. मी साखर चहाशेजारी आणून ठेवली, त्यांना पत्ताही लागला नाही. आणि एक दिवस हे आपणहून पिशवी घेऊन मासळी बाजारात गेले. परत आले ते सौंदाळे घेऊन, आणि मला सांगत होते, "माझा तो बंदरावरचा विद्यार्थी भेटला. विचारत होता काय चाललंय. म्हटलं, उशा बेततोय. नुसतं काम नाही ते, म्हटलं, भूमिती आहे." त्यांच्या आवाजात मला पूर्वीचा वर्ग ऐकू आला. मी पाठ फिरवून सौंदाळे धुवायला घेतले, कारण माझे डोळे भरले होते आणि ते त्यांना दाखवायचे नव्हते.

मग मी दोन दिवस गुहागरला माहेरी गेले. भाचीचं केळवण होतं. परत आले तर सगळं कापून झालेलं. सोळा चौकोन, एकावर एक, खडूने आकडे घातलेले, वर पुस्तक ठेवून दाबलेले. हे शेजारी उभे.

"बघ," ते म्हणाले. "जमीन बघ. एक चिंधी उरलेली नाही."

खरंच नव्हती. जमीन पुसल्यासारखी स्वच्छ. मी वरचा चौकोन उचलला, आणि मला त्याच क्षणी कळलं. तरी टेप लावली. पंधरा इंच. दुसरा घेतला, पंधरा. सोळाच्या सोळा, दोरा इकडचा तिकडे नाही, पंधरा बाय पंधरा. उशी पंधराची म्हणून अभ्रा पंधराचा. शिवायला माया नाही. चारी बाजूंनी अर्धा अर्धा इंच शिवणीत जाणार, हे पाचवीतली पोरगीसुद्धा शिवणाच्या तासाला शिकते. गणिताच्या मास्तराने चिंधी उरू नये म्हणून माया सोडली नव्हती.

माझा स्वभाव गरम आहे. माझ्या तोंडातून काय काय बाहेर येऊ शकलं असतं ते मीच जाणते. माझ्या डब्यांचा, फोडणीचा, शिट्ट्यांचा, सगळ्याचा वचपा एका वाक्यात निघाला असता. मी वर पाहिलं. हे वहीवर हात ठेवून उभे होते, उत्तरपत्रिका देऊन निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे. मी मूग गिळले.

"रेघा छान जुळल्यात," मी म्हटलं. आणि त्या जुळल्या होत्याच.

अभ्रे शिवले. भरायला घेतले तर उशी आत जाईना, रेटून घातली तर चेन लागेना. हे बाजारात गेल्यावर मी दार लावून घेतलं, आठही उशा एका टोकाला उसवल्या, प्रत्येकीतून मूठ मूठ सावर काढली, चारी कडा अर्धा अर्धा इंच आत दाबल्या आणि पुन्हा टीप मारली. काढलेली सावर पिशवीत भरून पलंगाखाली ढकलली. हे आले तेव्हा आठ उशा सोफ्यावर ओळीने बसल्या होत्या, पिवळी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसरळ. ते मधोमध जाऊन टेकले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती भूमिती ऐकावी लागली. मग एक दिवस खालच्या मजल्यावरची आली. ती यांचीच विद्यार्थिनी, नवरा जहाजावर, घरी ब्लाउज शिवते. तिने उशी उलटसुलट करून पाहिली.

"काय मस्त झाल्यात ओ सर! आणि माया किती सोडलीत?"

हे उशीची कड चाचपायला लागले. ती बिचारी चहा पिऊन गेली. मी स्वयंपाकघरात कोकमं निवडत होते. बाहेर कंपासपेटीचं झाकण वाजलं. थोड्या वेळाने हे आले आणि उंबऱ्यावर थांबले, हातात पट्टी.

"चौदा भरली," ते म्हणाले.

मी कोकमं निवडत राहिले.

"किती सावर काढलीस?"

"एकेक मूठ."

"सगळ्यांतून?"

"सगळ्यांतून."

ते स्टुलावर बसले. पट्टी गुडघ्यावर आडवी ठेवली.

"म्हणजे मी चुकलो," ते म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकायची मी लग्न झाल्यापासून वाट पाहत होते. कितीदा भांडणात मनातल्या मनात तो त्यांच्याकडून वदवून घेतला होता. आणि आता तो आला, तर मला तो नको झाला. अजिबात नको झाला.

"कापड आटलं हो," मी म्हटलं. "नवं सुती कापड, आटायचंच."

ते कापड मी दोन पाण्यांतून काढूनच त्यांना दिलं होतं. दोरीवरून उतरवून घडी त्यांनी स्वतः केली होती.

ते माझ्याकडे बघत राहिले. चौतीस वर्षं पोरांची खोटी उत्तरं पकडलेला माणूस.

"हो," शेवटी म्हणाले, "आटलंच असेल."