उलट्या शिक्क्यांचं दुकान

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ते जुन्या शिक्क्यांसारखे साचतात. झिजला तरी टाकवत नाही म्हणून खोक्यात ठेवायचा, त्यावर दुसरा, तिसरा, आणि मग कधीतरी खोकं उघडलं की हात कोपरापर्यंत निळे! मी आणि नरसम्मा अजून भेटतो. गुडघेदुखीवर काय लावायचं हे विचारायला म्हणून भेटतो आणि पाचव्या मिनिटाला दुकानात जाऊन बसतो.

दुकान सोलापुरात, साखर पेठेतल्या एका बोळात. मालक अण्णा. रबरी शिक्के करायचे. कचेऱ्यांचे, सोसायट्यांचे, डॉक्टरांचे. अक्षरांचे शिक्के साच्यातून निघायचे, पण चित्रांचे अण्णा हातानं कोरायचे. दुष्काळानंतरच्या वर्षी त्यांनी शुभेच्छा कार्डं सुरू केली. जाड कागद दुमडायचा, कडेला नक्षीच्या कागदाची पट्टी चिकटवायची, मध्ये चित्राचा शिक्का आणि खाली हातानं मजकूर. कागद कापायला आणि खळ लावायला नरसम्मा. मजकूर लिहायला मी. मॅट्रिकला इंग्रजीत गचकले होते, पण अक्षर चांगलं होतं.

या धंद्याची एकच मेख. शिक्क्यावर सगळं उलटं कोरावं लागतं, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. अण्णांना उलटं वाचायची इतकी सवय की वर्तमानपत्र त्यांना जरा अवघडच जायचं. मला तर डावं-उजवं मुळातच कळत नाही. अजूनही घास घेतल्यासारखा हात तोंडाकडे नेते आणि मग ठरवते की हा उजवा. अशा माणसाला देवानं नेमकं त्या दुकानात नेऊन बसवलं.

०

कार्डांचा मोठा हंगाम संक्रांतीचा. तिळगूळ घ्या, गोड बोला. संक्रांतीलाच सोलापुरात भरणारी गड्ड्याची जत्रा सुरू व्हायच्या आधी आम्हांला मान वर करायला फुरसत नसे. पण पहिलं कार्ड विकायचं नाही, असा अण्णांचा नेम. ते जायचं त्यांच्या थोरल्या बहिणीला, गंगाक्काला, अक्कलकोटच्या पुढच्या एका खेड्यात.

अक्का त्यांच्याशी बोलत नव्हती. कारण अण्णांनी स्वतःच सांगितलं होतं, कार्डं मोजता मोजता, काही आडपडदा न ठेवता. कोरायला वडिलांनी दोघांनाही शिकवलं, आणि अक्काचा हात अण्णांपेक्षा चांगला. वडील गेले तेव्हा ती आली आणि त्यांच्या पाच कोरायच्या चाकूंपैकी एक मागितला. अण्णा म्हणाले, "तुला शेतात काय करायचाय त्यो?" ती जेवली, भांडी घासली आणि गेली. त्याला नऊ वर्षं झाली होती. मध्ये अण्णा दोनदा जाऊन आले. अक्कानं भाकरी वाढली, पाणी दिलं. शब्द नाही!

"गोड बोल म्हणत न्हाय मी," अण्णा म्हणायचे. "नुस्तं बोललं तरी बास की."

एवढा मोठा माणूस, पण पाकिटावर घातलेला पत्ता पुन्हा पुन्हा ताडून बघायचा. मला फार वाईट वाटायचं.

०

आता माझा पराक्रम. कचेरीतल्या एका कारकुनाला जुळं झालं. बारशाची चाळीस कार्डं हवी होती. दोन नावं, दोन पाळणे. मी नरसम्माशी गप्पा मारत ठप्पे मारत होते. वरून सगळे शिक्के सारखेच, लाकडी मुठीचे. पहिल्या नावाखाली पाळणा बरोबर उमटला. दुसऱ्या नावाखाली मारायला घेतलेला शिक्का कचेरीच्याच ऑर्डरीचा निघाला. चाळीसही कार्डांवर, थोरल्या बाळाखाली पाळणा आणि धाकट्याखाली ठळक निळ्या शाईत, 'खरी नक्कल'.

कळलं तेव्हा कारकून दारात उभा होता. त्यानं कार्ड घेतलं. बराच वेळ बघितलं. अण्णा घाम पुसायला लागले, मी पोटमाळ्याकडे बघायला लागले.

शेवटी तो म्हणाला, "बाकी सगळं ठीक आहे. पण नकलेवर सही कुणाची घ्यायची?"

आणि कार्डं घेऊन गेला.

०

नक्षीचा कागद आणायचं काम नरसम्माचं. तिचा नवरा शहराच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, चादरींची डिझाइनं काढायचा, चौकड्यांच्या कागदावर, एकेक चौकोन रंगवून. टाकून दिलेले कागद ती गठ्ठ्यानं आणायची. त्यांच्या पट्ट्या कार्डाला इतक्या शोभायच्या की लोक कार्ड हातात घेऊन आधी चादरीचा भाव विचारायचे.

एकदा एक कारखानदार कार्ड नाचवत आला. त्याला ते शेजारच्या कारखानदारानं संक्रांतीचं म्हणून पाठवलं होतं. "माझी चादर अजून मागावर चढली नाही," तो ओरडला, "आणि तिची नक्षी शेजारी मलाच पाठवतोय!"

अण्णांना काहीच समजेना. त्यांनी नम्रपणे विचारलं, "आवडली न्हाय का?"

मग नरसम्मा आणि तो, दोघं अर्धा तास तेलुगूत बोलले. आम्ही एकदा याच्या तोंडाकडे, एकदा तिच्या तोंडाकडे बघत होतो. शेवटी त्यानं त्या नक्षीची उरलेली सगळी कार्डं उचलली आणि शांतपणे गेला. पुढच्या वर्षी तो स्वतःच एक नक्षीचा कागद घेऊन आला. म्हणाला, ही वापरा, छान आहे. आम्ही वापरली. आठ दिवसांनी शेजारचा कारखानदार कार्ड नाचवत आला.

०

एकदा सांगोल्याकडचे एक धनगर आले. कोंडीबा त्यांचं नाव. बोळात बारा मेंढरं उभी करून आत आले आणि म्हणाले, मेंढरांवर मारायला शिक्का पाहिजे. अण्णांनी मोठा गोल दाखवला, फुली दाखवली, चांदणी दाखवली. कोंडीबांनी सगळ्यांना नकाराची मान हलवली आणि फळीवरच्या एका छापाकडे बोट केलं. तो 'गोड बोला'चा होता.

अण्णा म्हणाले, पाहुणं, ती अक्षरं हायेत, मेंढरावर काय कामाची?

"गोल आन् फुली समद्यांकडं हाय," कोंडीबा म्हणाले. "मेंढरू चोरलं तर ह्यो म्हणतो माजं, त्यो म्हणतो माजं. असलं न्हाय कुणाकडं."

अण्णांनी सायकलच्या टायरचं रबर लावून वीतभर लांबीचा शिक्का करून दिला. वर्षभरानं कोंडीबा पेढे घेऊन आले. मंगळवेढ्याच्या बाजारात चोरीचं मेंढरू सापडलं होतं. चोर म्हणत होता, माझंच आहे. पोलिसानं लोकर बाजूला करून मोठ्यांदा वाचलं, "गोड बोला." चोर गयावया करून म्हणाला, "साहेब, गोडच बोलतोय की!"

०

आमच्या बोळाचे पोस्टमन मकानदारचाचा. पौष लागला की अण्णा त्यांना रोज एकच प्रश्न विचारायचे, अक्काचं पत्र आलं का, आणि चाचा रोज सायकलवरूनच मान हलवायचे. "आज भी नै, अण्णा." तीन वर्षं हे बघून चाचांचंच काळीज गलबललं असावं. एकदा ते सायकलवरून उतरले, आत आले आणि पाकीट पुढे केलं.

अक्काचं! आत आमचंच एक कार्ड, आणि खाली वेड्यावाकड्या अक्षरात, 'भावास आशीर्वाद.'

नरसम्माच्या डोळ्यांना पाणी. माझ्याही. अण्णांनी कार्ड वाचलंही नाही. ते पाकीट उजेडात धरून बघत राहिले. मग चाचांचा हात हातात घेतला, त्यांना बसवलं, पाणी दिलं.

"चाचा," ते म्हणाले, "तिकिटावर पोस्टाचा शिक्का न्हाय मारलात."

चाचांनी पाणी पिऊन घेतलं आणि मुकाट्यानं पुढच्या घरी गेले.

०

आणि मग ते गणपतीचं प्रकरण.

प्रत्येक कार्डाच्या डोक्यावर आमचा एक छोटा गणपती असायचा. त्या वर्षी ऐन हंगामात तो इतका झिजला की नुसते कान उमटायला लागले. नवा करायचा ठरला. कॅलेंडरवरून पातळ कागदावर चित्र उतरवून घेतलं. अण्णांचे हाल होऊ नयेत म्हणून नरसम्मानं तो कागद आधीच पालथा करून मेजावर ठेवला. अण्णांनी सवयीप्रमाणे तो परत पालथा केला. दोनदा पालथं म्हणजे सुलटं. शिक्का सुलटा कोरला गेला, म्हणजे छाप उलटा येणार!

कोरून झालं की अण्णा छाप तपासायचे, पण त्या दिवशी त्यांचा चष्मा दुरुस्तीला गेला होता. त्यांनी कागद माझ्याकडे दिला. "मालू, सोंड डावीकडं हाय न्हवं?"

मी कधी नव्हे ते नीट तपासलं. घास घेऊन उजवा हात ठरवला, मग डावा ठरवला, कागद समोर धरला. सोंड अगदी माझ्या डाव्या हाताला. "डावीकडंच," मी छातीठोक सांगितलं.

माझ्या डावीकडे! समोर बसलेल्या देवाचं ते उजवं!

पाचशे कार्डं गेली. पहिलं अर्थातच अक्काला. तिसऱ्या दिवसापासून दुकानात रांग. उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे कडक, त्याचं सगळं सोवळ्यात करावं लागतं. एक बाई म्हणाल्या, कार्ड घरात आल्यापासून मी कांदा चिरलेला नाही. एका मास्तरांनी ते रेशमी फडक्यात गुंडाळून परत आणलं. एकानं विचारलं, याला रोज नैवेद्य दाखवायचा की शुभेच्छांपुरता? नरसम्मा म्हणायची, मी पालथा केला म्हणून. मी म्हणायची, मी डावं म्हणाले म्हणून. अण्णांनी कुणालाच दोष दिला नाही. ते कोपऱ्यात बसून होते.

"अक्काला असलं गेलं," एवढंच एकदा म्हणाले. "आता संपलंच."

त्या रात्री मी जेवले नाही.

आठवड्यानं मकानदारचाचा आले. पाकीट देण्याआधी त्यांनी तिकिटावरचा शिक्का बोटानं दाखवला. गोल, काळा, अक्कलकोटचा.

आत आमचंच कार्ड होतं. सोंडेभोवती पेन्सिलीनं गोल काढलेला. खाली दोन ओळी. 'कागद दोनदा पालथा घातलास. बाबा असते तर हात मोडला असता.'

अण्णांनी ते तीनदा वाचलं. मग भिंतीला टेकून हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. "बोलली," ते म्हणाले. "शिव्या घातल्या, पर बोलली की."

०

त्यांनी लगेच चार पानांचं पत्र लिहिलं. उत्तर नाही. माफी मागणारं दुसरं लिहिलं. उत्तर नाही. वर्षभर काही नाही.

पुढच्या संक्रांतीला नवा गणपती तयार होता. डाव्या सोंडेचा, देवाच्या डाव्या. तिघांनी तिघांकडून तपासून घेतला होता. पण पहिलं कार्ड करताना अण्णांनी तो बाजूला सारला, खोक्यातून जुना काढला आणि त्याचाच ठप्पा मारला.

मी म्हणाले, "अण्णा, हा चुकीचा आहे."

"व्हय," ते म्हणाले आणि पाकिटाला खळ लावली.

आठव्या दिवशी उत्तर आलं. या वेळी आमचं कार्ड नव्हतं. वहीचा कागद होता आणि त्यावर हळदीच्या रंगात एक गणपती उमटवलेला. सोंड बरोबर. काय रेषा होत्या! मोदकाची कळीन् कळी दिसत होती. खाली लिहिलं होतं, 'रताळ्यावर कोरलाय. विळीनं. आता तरी चाकू दे.'

भर हंगाम, बाहेर गिऱ्हाईक उभं. अण्णांनी फळीवरून चाकूंची पेटी काढली. एक चाकू उचलला, परत ठेवला, मग पाचही असलेली ती पेटीच धोतराच्या सोग्याला पुसून पिशवीत घातली. दुकान आमच्या हवाली करून अक्कलकोटच्या बसला गेले.

तिसऱ्या दिवशी आले. पेटी नव्हती. खांद्यावर रताळ्यांचं पोतं होतं. त्यांनी ते दुकानाच्या मधोमध ठेवलं आणि आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत उभे राहिलो.

नरसम्मानं विचारलं, "हे खायला, का छापायला?"

अण्णांनी पोत्याकडे बघितलं. खूप विचार केला.

"त्ये अक्कानं सांगितलं न्हाय," ते म्हणाले. "इचारायला परत जावं लागंल."