व्हयबाईंची चिलीम

माझ्या सासूबाईंनी उभ्या जन्मात कुणाला 'नाही' म्हटलं नाही, आणि तरी त्यांच्या मनाविरुद्ध काही करून घ्यायची गावात कुणाची छाती नव्हती. या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या अंगी कशा राहतात, हे कळायला मला त्यांच्या हाताखाली वर्ष काढावं लागलं. समोरच्यानं काहीही म्हणावं, त्या आधी डोक्यावरचा पदर नीट करायच्या, मान तिरकी करायच्या आणि म्हणायच्या, "व्हय." नाराजी नाही, कुरकुर नाही. मग तो 'व्हय' त्या अशा टोकाला न्यायच्या की म्हणणाराच हात जोडून म्हणे, बाई, चुकलं माझं. गाव त्यांना मागून व्हयबाई म्हणे. मी तोंडावर आत्याबाई म्हणत असे.

लग्न होऊन मी संगमनेरहून मिरजगावजवळच्या त्या गावी आले, त्याच आठवड्यातली गोष्ट. मामंजी जेवायला बसले आणि सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "भाकर कशी पायजे? पल्याडचं दिसंल अशी." माझा चेहरा पडला. आत्याबाई म्हणाल्या, "व्हय." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः थापलेली भाकरी मामंजींच्या ताटात आली. तिच्या मधोमध रुपयाएवढं भोक होतं. "बगा बरं," आत्याबाई म्हणाल्या, "दिसतंय का पल्याडचं?" मामंजींनी ती भाकरी मुकाट्यानं खाल्ली, भोकाच्या कडेकडेनं. पुन्हा माझ्या भाकरीला नावं ठेवली नाहीत.

एकदा त्यांची एक मावसजाऊ लग्नाच्या मांडवात उगीच गोड बोलली, "या की आमच्याकडं चार म्हैनं ऱ्हायाला." आत्याबाई म्हणाल्या, "व्हय." आणि पुढच्याच बाजारच्या दिवशी वळकटी, पानाची पिशवी आणि एक शेळी घेऊन तिच्या दारात उभ्या राहिल्या. पंधरवड्यानं परत आल्या तेव्हा मावसजावेनं त्यांना लुगडं नेसवून, गाडी जुंपून पाठवलं होतं. शेळीला पेंड दिली होती ती वेगळीच.

मामंजी गांजा ओढत. हे मी दबक्या आवाजात सांगत नाही, कारण तेव्हा गावातही कुणी दबक्या आवाजात सांगत नसे. बाजाराच्या गावी सरकारी परवान्याचं दुकान होतं. तिथून जसं मीठ-मिरची आणायची तसा गांजा आणायचा. रोज दुपार कलली की चांदभाई पिंजारी कापूस पिंजायची आपली धनुकली आमच्या ओट्याला टेकवून ठेवी, मामंजी तळहातावर गांजा मळायला घेत, चिलमीच्या बुडाला ओल्या फडक्याची छापी गुंडाळत आणि दोघांचा दरबार भरे. दरबारात वैद्यकी चाले. गांजानं दमा बरा होतो, असं मामंजी खोकत खोकत सांगत. गांजा ओढणाऱ्याला थंडी बाधत नाही, असं चांदभाई घोंगडी अंगाभोवती लपेटत म्हणे. फार चढला तर चिंच चोखावी, म्हणून कोनाड्यात चिंचेचा गोळा कायम ठेवलेला असे. एकदम सोडला तर रक्त गोठून माणूस मरतो, यावर तर दोघांचं एकमत होतं.

आत्याबाईंना गांजा या दोघांच्याही आधीपासून ठाऊक होता. त्यांच्या माहेरच्या शिवारात परवान्यानं गांजाचं पीक घेत, आणि लहानपणी त्या तिथं खुरपायला जात. त्या पिकात नर झाडं ओळखून उपटून टाकतात, मादी तेवढी ठेवतात, हे मला त्यांनीच सांगितलं. "येक नर ऱ्हायला तरी समदा माल बिगाडतो," त्या ओट्याकडे बघत म्हणाल्या. "जगात येवढं येकच पीक शानं."

पण दरबाराचा सगळ्यात मोठा सिद्धांत दुधाचा होता. "गांजा वाईट न्हाई," मामंजी म्हणत, "कोरडा गांजा वाईट." म्हणजे ओढून झाल्यावर तूप सोडलेलं आटीव दूध पोटात गेलं पाहिजे, मग तो बाधत नाही, उलट अंगी लागतो. दूध नाही मिळालं तर मेंदू वाळतो आणि माणूस वेडा होतो. म्हणून आमच्या घरच्या म्हशीचं दूध आधी मामंजींचं. उरलं तर इतरांचं. आत्याबाईंनी तर दूध कधी ओठाला लावलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या गुळाचा काळा चहा घेत.

या सिद्धांताला हसणं सोपं होतं, पण मामंजी त्याला जिवाच्या भीतीनं धरून होते. त्यांचा थोरला भाऊ सखाराम गांजा ओढता ओढता खरोखरच वेडा झाला होता. आपल्याला कुणीतरी मारायला टपलंय असं त्याला वाटे. मग तो देवळापुढे उघडाच उभा राहू लागला, आणि एक दिवस शिवाराबाहेर चालत गेला तो गेलाच. गावानं निदान केलं: गरिबीत दूध नव्हतं, कोरडा ओढला. पुढे कितीतरी वर्षांनी मी एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "काही माणसांचं डोकं गांजानं फिरतं खरं, पण दुधाचा त्यात काही संबंध नाही." मामंजींना हे सांगायला तेव्हा डॉक्टर नव्हते. त्यांच्याजवळ दुधाचा तांब्या तेवढा होता, आणि त्यांनी तो घट्ट धरला होता.

लढाईच्या दिवसांत माझी ठकू झाली. आमचे हे पुण्याला लष्कराच्या डेपोत नोकरीला. घरात आम्ही दोघी, मामंजी आणि ती एवढीशी पोर. त्यात पावसानं दगा दिला, कडब्याला सोन्याचा भाव आला, शेळ्या विकून टाकाव्या लागल्या. म्हैस आटत आटत एका तांब्यावर आली. माझ्या अंगावरचं दूध कमी पडू लागलं आणि ठकू दिवसेंदिवस वाळायला लागली. शेजारीपाजारी मागावं तर त्यांच्या गोठ्यातही तीच तऱ्हा.

मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाई बाजारच्या दिवशी छकड्यातून गावात येत. त्यांनी ठकूला हातावर घेतलं, तिच्या दंडाची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि सरळ मामंजींकडे वळल्या. "या पोरीला वरचं दूध आजपासून सुरू करा. नाहीतर पुढच्या बाजारी मला हाक मारू नका."

"मग मी काय कोरडा वढू?" मामंजी म्हणाले.

"ओढूच नका. अहो बाबा, धूर छातीत जातो, दूध पोटात जातं. दोघांची गाठ पडायची कुठं?"

मामंजींनी विचार केला. "बाई, भिंती तुमी घातल्या. आत समदं येकच हाय."

नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. मला तर रडूच कोसळलं. आत्याबाई दाराला टेकून सगळं ऐकत होत्या. मामंजी त्यांच्याकडे वळून म्हणाले, "तूच सांग. जो वढतो त्याला दूध लागतंच का न्हाई?"

आत्याबाईंनी पदर नीट केला. "व्हय," त्या म्हणाल्या. त्या दिवशी तो शब्द ऐकून मला त्यांचा इतका राग आला की रात्री मी भरल्या ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दरबार भरला. चिलीम पेटली. आत्याबाई हात पुसत बाहेर आल्या, मामंजी आणि चांदभाईच्या मधे ऐसपैस मांडी घालून बसल्या आणि हात पुढे केला. "द्या हिकडं."

"काय द्या?"

"चिलीम."

चांदभाईचा आ वासला. "वैनी, बाईमानसानं..."

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या आणि चिलीम त्याच्या हातातून काढून घेतली. समोरच्या घरातली पाणी भरायला निघालेली बाई घागर कडेवर तशीच धरून उभी राहिली. आत्याबाईंनी दोन्ही मुठींत चिलीम धरली आणि भाता ओढावा तसा एक दम ओढला. मग त्यांनी मला हाक मारली, "सुनबाई, माझं दूध आन. निम्मं माझं."

"तुजं?" मामंजी ओरडले.

"मी बी वढती की आता. कोरडा बाधतो ना? मला येड लागलं तर भाकरी कोन थापील, चांदभाई?"

स्वतःचाच सिद्धांत. मोडावा कसा? मी दूध आणलं. आत्याबाईंनी निम्मं वाटीत ओतून घेतलं आणि वाटी माझ्याच हातात दिली. "पोरीला पाज. माज्या वाटचं मी कुनाला बी दीन."

मग मात्र त्यांना चढला. आधी खोकला, डोळ्यांतून पाणी, मग हसू. हसू असं लागलं की चांदभाईची दाढी बघून हसल्या, धनुकली बघून हसल्या, मी हसत नाही म्हणून हसल्या. मग दुरडीतल्या भाकरी एकेक करून संपवल्या. गांजानं भूक लागते, हे दरबाराचं म्हणणं तेवढं खरं निघालं. आणि मग एकाएकी त्या गप्प झाल्या. ओठ कोरडे पडले. "अवं, माजं काळीज घोड्यावानी पळतंय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी चारचौघांत मामंजींचा हात धरला. मामंजी पांढरेफटक पडले होते. ते त्यांच्या तोंडात चिंच कोंबत होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, "काय न्हाई, उतरंल, उतरंल." तो उतरेपर्यंत त्यांनी हात सोडवून घेतला नाही.

सकाळी आत्याबाई मला म्हणाल्या, "लई वंगाळ चीज. हिच्यापायी तीस वर्सं बसल्यात व्हय ही मानसं!" मला वाटलं, संपलं. पण दुपारी त्या पुन्हा ओट्यावर हजर.

मी मास्तरांची मुलगी. मला चिलमीतलं काही कळत नव्हतं. पण चूल कळत होती. त्या दिवसापासून आत्याबाई चिलीम ओढत नव्हत्या, फुंकत होत्या. निखारा लाल व्हायच्या ऐवजी वर राख उडे आणि त्यांच्या केसांत बसे. मामंजी आपल्याच तंद्रीत, त्यांना काय दिसणार, अशी माझी समजूत. दूध मात्र रोज निम्मं होई आणि ठकूच्या पोटात जाई.

मग आत्याबाईंनी पुढची पायरी गाठली. त्यांच्या वाट्याचं दूध पोरीला जाई, म्हणजे त्या कोरडा ओढत होत्या ना? मग वेड लागायला हवं. त्यांनी केरसुणीला हळदकुंकू लावलं. म्हशीला "जाऊबाई" म्हणून हाक मारून तिच्याजवळ घरातली गाऱ्हाणी सांगायला सुरुवात केली. एक दिवस मामंजींच्या पागोट्यात भाकरी बांधून ती त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "शेतावर न्यायला हात मोकळं ऱ्हातील." चांदभाई घाबरून दोन दिवस आला नाही.

तिसऱ्या दिवशी मामंजींनी आपल्या वाट्याचं दूध उचललं, बराच वेळ त्यात बघितलं आणि आत्याबाईंच्या पुढे सरकवलं. "हे तू घे. आन ती चिलीम ठिव खाली."

"व्हय. आन तुमी?"

"मी कोरडा कसा वढू? मला काय सखाराम व्हायचंय?" आणि त्यांनी चिलीम पुसून कोनाड्यात, चिंचेच्या गोळ्याशेजारी ठेवून दिली.

तेही दूध ठकूलाच गेलं, हे सांगायला नकोच. मामंजींचं रक्त गोठलं नाही. आठवडाभर झोप नाही, जेवणावर वासना नाही, म्हशीपासून मारुतीपर्यंत सगळ्यांवर ओरडणं चाललं होतं. मग तेही निवलं. ठकूच्या गालांवर लाली आली. पुढे एका बाजारी नर्सबाई आल्या तेव्हा आत्याबाई त्यांना गंभीरपणे म्हणाल्या, "तुमचं खरं हाय बाई, धूर छातीत अन् दूध पोटात." आणि पदराआड हसल्या. हसताना खांदे हलत असत त्यांचे. मला त्या तशाच आठवतात.

छातीनं मात्र मामंजींना माफ केलं नाही. तीस वर्षांचा धूर तिथंच होता. स्वातंत्र्य आलं त्यानंतरच्या एका हिवाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. श्वास घेताना बरगड्या मोजता येत. नर्सबाई तपासून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आता मागतील ते द्या."

मामंजींनी मागितलं, "येक दम."

आम्ही सगळे आत्याबाईंकडे बघू लागलो. त्या म्हणाल्या, "व्हय." कोनाड्यातली चिलीम काढून त्यांनी पदरानं पुसली. चांदभाईनं आपल्याजवळचा गांजा मळून दिला. त्याचे डोळे भरले होते आणि तो ते धुरावर ढकलत होता, अजून चिलीम पेटली नव्हती तरी. आत्याबाईंनी ती मामंजींच्या ओठांना लावली. त्यांच्या छातीत ओढायची ताकद नव्हती. दोनदा ओठ हलले, मग मान वळली.

तेव्हा आत्याबाईंनी चिलीम स्वतःच्या मुठीत धरली आणि ओढली. या खेपेला राख उडाली नाही. निखारा लालबुंद झाला.

मामंजी टक लावून त्या निखाऱ्याकडे बघत होते. त्यांना हसू आलं, हसण्यातून खोकला आला, खोकल्यातून ते म्हणाले, "आज खरी वढलीस."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. तीस वर्षं चिलीम ओढलेल्या माणसाला राख आणि निखारा कळणार नाही, असं मीच खुळी समजत होते. दुसऱ्या दिवसापासूनच त्यांना ते कळलं होतं, आणि तरी त्यांनी आपलं दूध पुढे सरकवलं होतं.

"ठके," ते म्हणाले, "आजीला दूध आन. कोरडी ऱ्हाईल ती."

ठकू धावत जाऊन वाटी भरून घेऊन आली. आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला, मान तिरकी केली, म्हणाल्या, "व्हय," आणि त्या घरात मी पहिल्यांदा त्यांना दूध पिताना पाहिलं.