चुकीला चतकोर

माझ्या खानावळीत शिळं अन्न उरत नाही. उरतात ते किस्से. साताऱ्यात स्पर्धा परीक्षेच्या पोरापोरींना जेवायला घालत मला पंधरा वर्षं झाली. तेवढ्यात दोन शेगड्या गेल्या, तीन मिक्सर गेले, किस्से मात्र वाढतच चाललेत. परवा एकीनं फोन केला, "आज्जी, लिहून काढा, नायतर तुमच्याबरोबर जातील." मी म्हटलं, "मी कुठं चालले एवढ्यात?"

पण बसले लिहायला.

* * *

ही पोरं जेवतानाही पाठ करतात. एका हातात घास, दुसऱ्या हातात नोट्स. लोणंदचा अमर रोज स्वातंत्र्य चळवळ मोठ्यानं म्हणायचा आणि रोज एकाच जागी घसरायचा. आधी मिठाचा सत्याग्रह, मग असहकार!

तीन दिवस ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी तव्यापासूनच ओरडले, "आरं, आधी असहकार! मीठ मागनं! सैपाकात बी मीठ मागनंच पडतं!"

अमरनं घास खाली ठेवला.

"आज्जी, तुमी कितवी शिकलाय?"

"दुसरी. त्यात बी पावसाळ्यात शाळा गळायची!"

त्या दिवसापासून मीही पुस्तक उघडलं. पोरांनी टाकलेल्या नोट्स, फाटकी गाईडं, भडंगाच्या पुडीचा कागद, काही सोडलं नाही. बोट ठेवून, अक्षर लावत वाचलं. वर्षात चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. आज सत्तावनच्या उठावापासून सत्तेचाळीसपर्यंत कुठूनही विचारा. मास्तर नव्हता, क्लास नव्हता. कुणाचे उपकार नाहीत.

* * *

मग मला कळलं की या परीक्षेत निगेटिव्ह मार्किंग असतं. चार उत्तरं चुकली की बरोबर आलेल्यातला एक मार्क जातो. म्हणजे एका चुकीला पाव.

मी म्हटलं, झ्याक! हे तर आपल्याकडं चतकोर म्हणून आधीपासून आहे.

दुसऱ्या दिवसापासून नियम. भाकरी तव्यावर टाकली की मी प्रश्न टाकणार. भाकरी फुगेपर्यंत उत्तर आलं पाहिजे. बरोबर आलं तर अख्खी भाकरी. चुकलं तर चतकोर मोडून माझ्या टोपल्यात. "माहीत नाही" म्हणणाऱ्याची भाकरी शाबूत. पण ठोकून देणाऱ्याला माफी नाही!

अमर ठोकून देण्यात पटाईत. आठवडाभर पोरगं अर्धपोटी उठलं. नंतर भात मागायचा, तो मी द्यायची. मी काय वैरीण नाही.

पूर्वपरीक्षा देऊन आला तो थेट स्वयंपाकघरात.

"आज्जी, सात प्रश्न सोडले."

"का रं?"

"ठोकायला पेन उचललं की पोटात भूक लागायची!"

पास झाला.

* * *

एकदा एका क्लासचे सर जेवायला आले. हात धुता धुता मला शिकवायला लागले. "आजी, मुलं पर्याय वाचतात, प्रश्नच वाचत नाहीत. तिथंच मार्क जातात."

मी ताट ठेवलं. "सर, आज सोमवार. फळ्यावर मेनू लिवलाय. भाजी कुठली वाढू? अ, वांगं. ब, दोडका. क, दोन्ही. ड, यापैकी न्हाई."

"क!" सर हसत म्हणाले.

"फळा वाचा."

फळ्यावर लिहिलं होतं, सोमवार, मटकीची उसळ.

सरांची चतकोर मी स्वतः मोडली!

* * *

आता वैशाली. रहिमतपूरकडची, सुभेदाराची पोर. दोनदा परीक्षा दिली, दोनदा थोडक्यात गेली. पण पोरगी अशी की माझ्याशीही भांडायची.

मी एकदा विचारलं, "बंगालची फाळणी रद्द झाली आन् राजधानी दिल्लीला न्यायचं ठरलं. एकाच दरबारात का येगयेगळ्या?"

"एकाच."

"चूक!" म्हणून मी चतकोर मोडली.

"आज्जी, हरकत!"

परीक्षेत उत्तर चुकीचं छापलं तर पोरं हरकत घेतात, ती ही. मी कमरेवर हात ठेवले. "तोंडानं हरकत न्हाई चालत. पुरावा आण."

पोरगी जेवण टाकून अभ्यासिकेत पळाली आणि पुस्तकात बोट घालूनच परत आली. पान माझ्या नाकासमोर धरलं. एकच दरबार होता.

तिची चतकोर तिला परत दिली. मग माझ्या भाकरीची चतकोर मोडून तिच्या ताटात टाकली. पंगतीनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझ्याशी भांडून जिंकणारी पंधरा वर्षांत ती एकटी!

तेव्हापासून मीठ कमी आहे म्हटलं तरी पंगत ओरडायची, "पुरावा?"

* * *

तिसऱ्या खेपेच्या आधी सुभेदार तिला घरी न्यायला आले. मिशा पिळलेल्या, बूट चकाचक. शिरवळच्या कंपनीतल्या मुलाचं स्थळ चालून आलं होतं.

"बॅग भर," ते वैशालीला म्हणाले. पोरीचा चेहरा पांढरा.

मी म्हटलं, "आवं सुभेदार, न्या की. पर जेवून जावा. हितं एक नियम हाय तेवढा."

भाकरी टाकली. "जालियनवाला बाग कुठल्या गावात?"

"अमृतसर! पोस्टिंग हुतं माझं तिथं!"

"बरोबर. ती सभा कुठल्या कायद्याच्या इरोधात?"

भाकरी फुगत आली. सुभेदारांना घाम फुटला. "इंग्रजांच्या कायद्याच्या!"

चतकोर गेली. पुढचे दोन प्रश्नही त्यांनी तसेच ठोकले. ताटात उरली एक चतकोर! वैशालीनं हळूच आपली भाकरी बापाच्या ताटात सरकवली.

"कॉपी चालायची न्हाई!" मी लाटणंच आपटलं.

सुभेदारांनी ताट बाजूला सारलं. मग लेकीला म्हणाले, "एवढं समदं तुला येतंय?"

"येतंय, आबा."

"बरं. ही शेवटची येळ. पडली तर शिरवळला होकार. आन् आज्जी, तुमी मधी पडायचं न्हाई."

"न्हाई पडत. पर पोरगी पास झाली तर तुमी हितं येऊन माझ्या पंगतीला वाढायचं."

"जबान दिली!" म्हणाले, आणि उपाशीच गेले.

* * *

पूर्वपरीक्षा निघाली, मुख्य निघाली, पण मार्क काठावर. सगळं मुलाखतीवर आलं. जायच्या आदल्या दिवशी दुपारी वैशाली माझ्याजवळ वही घेऊन बसली. साताऱ्या-सांगलीचं प्रतिसरकार वाचत होती. वहीत लिहिलं होतं, "स्त्रियांनी भूमिगतांना अन्न पुरवले."

माझं डोकंच फिरलं. "अन्न पुरवले? दोन शब्दांत संपवलं व्हय गं? वही मीट, ऐक."

माझ्या सासूबाई तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांच्या. कृष्णाकाठी सांगलीकडं आमचं गाव. उसात भूमिगत माणसं लपलेली. दिवस मावळायला सासूबाई बुट्टीत नऊ भाकरी घेऊन निघाल्या आणि बांधावर पोलीस आडवा आला. बुट्टीवरचं फडकं उचललं.

"नऊ भाकरी कुणाला?"

"मला."

"एकटी नऊ खातीस?"

"बसा. दावते."

बसल्या बांधावर. कांदा फोडला. तीन भाकऱ्यांपर्यंत पोलीस हसत होता. सहाव्या भाकरीला तोही बांधावर टेकला. नववी संपली तेव्हा त्यानं टोपी काढून हातात घेतली होती. सासूबाईंनी फडकं झटकलं, बुट्टी उचलली आणि म्हणाल्या,

"चला, आता घरला जाऊन जेवायला पायजे!"

घरी आल्या, पुन्हा नऊ भाकऱ्या थापल्या आणि दुसऱ्या वाटेनं उसात पोचवल्या. पुढं म्हातारपणापर्यंत भाकरी बघितली की त्यांच्या पोटात गोळा यायचा. मला हे त्यांनी स्वतः सांगितलं. वैशालीला मी सांगितलं. तिनं वहीत काही लिहिलं नाही.

* * *

निकाल लागला. वैशाली नायब तहसीलदार!

तिसऱ्या दिवशी सुभेदार हजर. पाच किलो कंदी पेढे, बूट चकाचक. बूट काढले, बाह्या सरसावल्या आणि भाकरीचं टोपलं उचललं. "लाईन सीधी!" म्हणाले, आणि पंगत खरंच सरळ झाली. चाळीस पोरांना वाढलं त्या माणसानं.

एका पोराचं उत्तर चुकलं. मी म्हटलं, "जाऊ द्या सुभेदार, आज आनंदाचा दिस हाय."

"नियम म्हंजी नियम!" म्हणत त्यांनीच चतकोर मोडली!

मग माझ्यासमोर उभे राहिले. "आज्जी, तो कायदा मी पाठ केलाय. रौलेट." मी त्यांना अख्खी भाकरी वाढली, वर लोणी घातलं.

* * *

जेवणं झाल्यावर वैशाली स्वयंपाकघरात आली. पोरीनं मला पाटावर बसवलं आणि मुलाखत कशी झाली ते सांगितलं.

पॅनेलमधल्या मोठ्या साहेबांनी विचारलं होतं, "तुम्ही साताऱ्याच्या. तिथल्या चळवळीत महिलांचं योगदान काय? थोडक्यात सांगा."

ही म्हणाली, "थोडक्यात नाही सांगता येणार, सर." आणि नऊच्या नऊ भाकऱ्या सांगितल्या. बांध, कांदा, टोपी, सगळं. पॅनेलमधल्या बाईंनी पेन खाली ठेवलं. साहेबांनी चष्मा काढला.

"हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"कुठल्याच नाही, सर."

"मग मॅडम, तुमच्याकडे पुरावा काय?"

वैशाली म्हणाली, "पुरावा त्या बाईनं खाल्ला, सर!"