आवाज आईचा, बिघाड माझ्या रॅमचा

मंडळी, आज सकाळी ताई परळहून पेनड्राइव्ह घेऊन आली. त्यात आमच्या दिवंगत आईने सांगितलेल्या, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांच्या आठवणी आहेत. माझ्या कॉम्प्युटरवर उतरवल्या, तर आवाज तुटायचा. दर वेळी वेगळ्याच जागी.

“बाळ्या, आई पुन्हा गेली रे!” ताईचे डोळे भरले.

“थांब गं. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी नको.”

रेकॉर्डिंगच बिघडलं असतं, तर एकाच जागी तुटलं असतं. उतरवताना फाइल ज्या तात्पुरत्या मेमरीतून जाते, त्या रॅमच्या दोन्ही पट्ट्या मी एकेक करून तपासल्या. एकीच्या वेळी स्क्रीनवर चुकांची लाल रांगच लागली. ती काढली, पुन्हा उतरवलं.

आई खणखणीत म्हणाली, “मोर्चाचं सांगते, आधी तो पंखा बंद कर!”

ताईने उठून खरंच पंखा बंद केला.

तुमच्या घरी कुणाचा आवाज जपलाय?